सावलीच्या बाजूची खोली

"बॅगा उघडल्या का?"

फोनवर ते आपलं नाव सांगत नसत. हाच त्यांचा पहिला प्रश्न असे. युरोपहून परतलेलं कुटुंब विमानतळावरून घरी येऊन तासही झालेला नसे, तोवर यांचा फोन. बॅगा उघडल्या नसतील तर ते खूश होत. मग कागद पुढे ओढून विचारत, स्टेशनपासून तळ्याच्या धक्क्यापर्यंत चालत किती मिनिटं लागली? म्हातारं माणूस बरोबर असताना किती? केबल कारच्या रांगेत किती वाजता उभे राहिलात आणि आत किती वाजता शिरलात?

याचा बॅगांशी काय संबंध, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "बॅग उघडली की चॉकलेटं वाटायला लागतात. चॉकलेटं वाटताना माणूस प्रवासवर्णन करतो. मला वर्णन नको, मिनिटं पाहिजेत."

दुबईत देरा भागातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत ते युरोपचं टेबल सांभाळत. टेबलाला खुर्ची होती, पण तिच्यावर गिऱ्हाइकांच्या पिशव्या असत. त्यांना बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. ते उभ्याने फोन घेत, उभ्याने टाइप करत, आणि बोलता बोलता खिडकीपर्यंत जाऊन परत येत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नाच्या पंगतीत ती वाढत नसतात आणि जेवतही नसतात. नुसती रांगांमधून फिरत असतात आणि कुठल्या पानावर मीठ राहिलंय ते फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

मी तेव्हा तिथल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. आठवड्यातून एकदा येणारं पर्यटनाचं पान माझ्याकडे होतं. त्यातली माहिती तपासायला मी त्यांच्याकडे जात असे. ऑफिसं दुपारी एक ते चार बंद असायची. त्या वेळात बहुतेक लोक घरी जाऊन एसी लावून झोपत. हे ऑफिसातच थांबत. ते मूळचे संगमेश्वरकडचे, सत्तरच्या दशकाच्या शेवटी टायपिस्ट म्हणून आलेले. बायको गावी शाळेत शिकवत होती. माझं नाव त्यांना माहीत होतं, तरी ते मला 'पेपरवाले' म्हणत. मीही त्यांचं नाव इथे लिहीत नाही.

नव्वदच्या दशकात आखातातल्या मराठी कुटुंबांची सुट्टी बदलत होती. पूर्वी जुलैत शाळा बंद झाल्या की सगळे सरळ गावी जात. मग काही जण गावी जाण्याआधी आठवडाभर युरोप करू लागले. दहा दिवसांत सहा देश बघायचे असतील त्यांना हे शेजारच्या टेबलाकडे पाठवत. यांच्याकडे एकच माल होता. आल्प्समधलं एक छोटं गाव, पुढे तळं आणि मागे डोंगर. त्याचं खरं नाव आमच्यापैकी कोणालाच धड म्हणता येत नसे. ते 'तळ्याचं गाव' म्हणत आणि त्यांनी पाठवलेले सगळे लोकही तेच म्हणत.

त्या गावाभोवती पाहण्यासारखं बरंच होतं. तळ्यातली बोट, भर उन्हाळ्यात बर्फावर नेणारी केबल कार, तीन टप्प्यांत कोसळणारा धबधबा, डोंगरात उंच बांधलेलं धरण, घसरगुंडीवरून आत उतरायची मिठाची खाण, कोळशाच्या इंजिनाची छोटी गाडी. यातलं काहीही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. उन्हाळा म्हणजे त्यांचा हंगाम. हंगामात त्यांना रजा मिळत नसे आणि हंगाम संपला की ते गावी जात. पण त्यांनी टाइप करून दिलेला एक पानी कागद ज्यांच्या खिशात असे, ते तिथे चुकत नसत. धबधब्याला तीन टप्पे आहेत, पहिल्या टप्प्यालाच फोटो काढून परत फिरा, वरच्या दोन टप्प्यांत गुडघे जातात आणि पाणी तेवढंच दिसतं. धरणावर वारा असतो, साडी नेसू नका. खाणीत घसरगुंड्या दोन आहेत, दुसरी लांब आहे, आजीला पहिलीनंतर बाहेर घ्या. इतकं सगळं त्यात असे. मी दोन-चार कुटुंबांना मुद्दाम विचारलं होतं. मिनिटं एक-दोनच्या फरकाने बरोबर निघत.

ही माहिती ते छापील माहितीपत्रकातून घेत नसत. माहितीपत्रकात रांग नसते, चढ नसतो आणि संडास कुठे आहे ते नसतं, असं त्यांचं म्हणणं. ते माणसांना विचारत, आणि त्यातही मुलांना. मोठी माणसं देखावा सांगतात, मुलं रांग सांगतात, असा त्यांचा अनुभव. शारजाच्या एका घरी परतल्याच्या दिवशी त्यांनी फोन केला, तेव्हा वडील बर्फाबद्दल सांगत होते. यांनी फोन मुलाकडे द्यायला लावला. मुलगा म्हणाला, "अंकल, फॉर्टी मिनिट्स इन द क्यू, अँड पप्पा फॉट विथ मम्मी." यांनी चाळीस लिहून घेतलं. भांडण कशावरून झालं तेही विचारलं. उन्हाची टोपी हॉटेलवर राहिली होती. पुढच्या कागदावर 'टोपी' आली.

आणि या सगळ्याच्या वर, गिऱ्हाइकाला ते अगदी शेवटी, आवाज खाली आणून एक गोष्ट सांगत. "खोली मी सावलीच्या बाजूची घेतलीय. दुपारचं ऊन अजिबात येणार नाही."

याचं मोल समजायला तुम्हाला दुबईत जुलै काढायला हवा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावता येत नाही. थंड पाण्याच्या नळाला गरम पाणी येतं, म्हणून लोक सकाळीच बादल्या भरून ठेवतात. गाडी कुठे लावायची हे ऑफिस जवळ कुठे आहे यावर ठरत नाही, सावली कुठे आहे यावर ठरतं. घर भाड्याने घेताना आम्ही किती खोल्या हे नंतर विचारायचो. आधी विचारायचो, तोंड कुठे. सावलीची बाजू मिळणं ही वशिल्याची गोष्ट होती. हॉटेलला जाणाऱ्या त्यांच्या प्रत्येक फॅक्सच्या शेवटी एक ओळ ठरलेली असे: सावलीच्या बाजूची खोली, दुपारचं ऊन नको. हॉटेलने ती विनंती एकदाही नाकारली नाही. याचा त्यांना अभिमान होता. पॅरिसला पाठवणाऱ्या शेजारच्या टेबलाला असलं काही जमत नव्हतं.

परत आलेले काही जण सांगत, खोलीत फार गारठा होता. यावर ते हसून मॅनेजरकडे बघत. "इथे अठ्ठेचाळीस डिग्रीत उभे आहेत आणि गारठ्याची तक्रार करतायत." पुढच्या कागदावर 'शाल' आली.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात, हंगाम संपल्यावर, विमान कंपनीने एजन्सीला फॅम टूरची एक जागा दिली. धंद्यातल्या लोकांना जागा दाखवण्यासाठी असे फुकट दौरे असतात. मॅनेजर मल्याळी होता, दर वर्षी स्वतःच जात असे. त्या वर्षी त्याने यांना पाठवलं. चार रात्री. जाण्याआधी त्यांनी मला स्वतःचाच कागद दाखवला आणि म्हणाले, आता बघू, कोण खोटं बोललंय.

पाचव्या दिवशी ते परतले. त्यांच्या बॅगा उघडण्याआधी मी फोन करायला हवा होता, असं मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर वाटलं. ते खुर्चीवर बसले होते. पिशव्या खाली ठेवलेल्या होत्या.

मिनिटं सगळी बरोबर निघाली होती. बोट, धबधबा, खाण, सगळं. त्याबद्दल ते दोन वाक्यं बोलले. मग हॉटेलचं सांगितलं. हॉटेलची मालकीण सत्तरीची होती. यांचं नाव ऐकल्यावर ती आतून हात पुसत बाहेर आली आणि यांचे दोन्ही हात धरून तिने आभार मानले. मागच्या खोल्या तिच्याकडे कोणी मागत नाही. त्यांना सूर्य नाही, तळं नाही. समोर डोंगराची चढण, काळी उंच झाडं आणि खाली स्वयंपाकघराचं अंगण. इतकी वर्षं जुलै-ऑगस्टमध्ये त्या खोल्या भरल्या त्या यांच्या फॅक्समुळे. तुमच्या लोकांचा काहीतरी धर्माचा नियम असेल, असं आम्ही समजलो, असं ती म्हणाली. यांना मान म्हणून तिने मागचीच एक खोली दिली होती, त्यातल्या त्यात जास्त अंधाराची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिन्याकडे जात होते. समोरच्या बाजूच्या एका खोलीची सफाई चालली होती आणि दार उघडं होतं. ऊन पलंगापर्यंत आलेलं दारातून दिसत होतं. खिडकीत पूर्ण तळं होतं, तळ्यात बोट होती, आणि पलीकडे बर्फाचा डोंगर.

"तिथे लोक उन्हासाठी जास्तीचे पैसे देतात, पेपरवाले," ते म्हणाले. "मी नऊ वर्षं सावली मागत होतो."

मी विचारलं, नऊ वर्षांत एकालाही कळलं नाही? त्यांनी डोकं हलवलं. कळणार कसं? त्यांचा कागद माणसाला सकाळी आठला बाहेर काढत होता आणि संध्याकाळी सातला परत आणत होता. खोली झोपण्यापुरती. शिवाय सावलीची बाजू मिळालीय हे ऐकून लोक इथूनच समाधानी होऊन जात. खिडकीत झाडं दिसली तर झाडं बघत.

मग त्यांनी मला एक धंद्याचा प्रश्न विचारला. तुमच्या पेपरात चूक झाली तर काय करता? मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो. पहिल्या पानावरची चूक असेल तर पहिल्या पानावर. कोणाच्या लक्षात आली नसेल तर? तरी छापतो. हा आमच्या डेस्कचा नियम होता आणि मला तो योग्य वाटत होता. मी तो जरा ठासूनच सांगितला असणार.

ते उठले. त्या दिवसापासून ते पुन्हा बसले नाहीत.

फायली काढून त्यांनी यादी केली. त्या गावी पाठवलेली एकूण एक कुटुंबं. दुपारच्या बंद वेळात, एक ते चार, ते एकेकाला फोन लावत. मी दोन-तीनदा तिथे होतो. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं: "तुम्हाला दिलेली खोली चुकीच्या बाजूची होती, चूक माझी." पलीकडे लोक आधी घाबरत, मग हसत. झोपमोड झाल्यामुळे काही वैतागतही. अबू धाबीचे एक इंजिनिअर म्हणाले, "अहो काका, आम्ही खोलीत होतोच कुठे? खलास, सोडून द्या." एकाने पुन्हा एकदा पाठवा म्हणून गमतीत हट्ट धरला. करामा भागातल्या एक बाई मात्र गंभीर झाल्या. हे तुम्ही आमच्या जाऊबाईंना सांगणार नाही ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. पलंगावरून तळं दिसायचं, असं त्यांनी जाऊबाईंना सांगून ठेवलं होतं.

या हसण्याने त्यांना आराम पडायला हवा होता. तसं झालं नाही. प्रत्येक फोननंतर ते खिडकीपर्यंत जात आणि यादीवर रेघ मारत. मला वाटलं, संपत आलं. यादीत एकच नाव राहिलं होतं आणि तिथे ते फोन लावत नव्हते.

ते नाव एका प्राध्यापकांचं होतं. ते अल ऐनच्या विद्यापीठात शिकवत. दोन वर्षांपूर्वी, शहाण्णवच्या उन्हाळ्यात, ते बायको आणि दोन मुलांना घेऊन त्या गावी गेले होते. बाईंचे उपचार नुकतेच संपले होते. पायांत शक्ती नव्हती. डॉक्टरांनी थंड हवेची जागा सांगितली. बाईंनी अट घातली होती, मुलांची सहल व्हायला हवी. मी खोलीत बसेन, तुम्ही तिघं फिरा. हे ऐकून यांनी त्या हॉटेलला वेगळा, लांब फॅक्स केला होता. सर्वांत शांत खोली द्या. ऊन अजिबात नको. खिडकीपाशी हातांची खुर्ची ठेवा, पाहुण्या दिवसभर तिथे बसणार आहेत. हॉटेलने सगळं तसंच केलं. सहा दिवस बाई त्या खुर्चीत बसल्या. त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या.

"हे फोनवर सांगायचं नाही," ते मला म्हणाले. "तुमची गाडी आहे. शुक्रवारच्या सुट्टीत याल का?"

त्यांच्याकडे गाडी नव्हती. लायसन्सच्या परीक्षेत ते चारदा नापास झाले होते; शेवटच्या खेपेस परीक्षकाने त्यांना सांगितलं होतं, तू चांगला चालवतोस, पण फार मागे वळून बघतोस. ही गोष्ट ते एरवी रंगवून सांगत. त्या शुक्रवारी सांगितली नाही. रास अल खोरची गोदामं मागे पडली आणि वाळू सुरू झाली. त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली, दोन्हीदा उतरून रस्त्याच्या कडेने पन्नास पावलं गेले आणि परत आले. मी त्यांना म्हटलं, नसेल सांगायचं तर आत्ताही फिरू. त्यांनी विचारलं, चूक सगळ्यांत मोठी जिथे झाली तिथेच दुरुस्ती छापायची नाही, असा तुमच्याकडे नियम आहे का? मी गाडी चालू केली.

प्राध्यापकांचं घर बैठं होतं, अंगणात दोन खजुरी. मुलं शिकायला बाहेर गेली होती. ते एकटेच राहत. त्यांनी आम्हाला बसवलं, आतून पाणी आणि खजूर आणले. यांनी पाणी घेतलं नाही आणि ते बसलेही नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "सर, तुम्हाला दिलेली खोली चुकीच्या बाजूची होती. तळं पुढच्या बाजूला होतं. वहिनींना ते दिसायला हवं होतं. चूक माझी."

  प्राध्यापकांनी विचारलं, "दिवसातून चार-पाचदा एक भोंगा वाजायचा. तो कशाचा?"

"बोटीचा. धक्क्याला लागताना वाजवतात."

"पुढच्या खोलीतून ती दिसली असती?"

"पलंगावरून दिसली असती, सर."

प्राध्यापकांनी खजुराची ताटली थोडी सरकवली आणि परत जागेवर ठेवली. दुसऱ्याच दिवशी बायकोने खोली बदलून मिळते का, असं विचारलं होतं, ते म्हणाले. भोंगा ऐकू येतो पण काही दिसत नाही, इथे नुसती झाडं आहेत, असं ती म्हणत होती. "मी तिला म्हटलं, त्यांनी निवडून दिलेली खोली आहे, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आजारपणाने तिचा स्वभाव कुरकुरा झालाय, असं मला वाटलं. तेही मी बोललो." ते पुढे म्हणाले, "मग सहा दिवसांत तिने पुन्हा विचारलं नाही."

यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. प्राध्यापकांनी हात वर केला. आवाज चढवला नाही. ते शिकवणारे गृहस्थ होते, प्रश्न नीट मांडत.

"मला एक सांगा. त्या सहलीची माझ्याकडे एकच चांगली आठवण होती. ती खिडकीत बसलीय आणि आम्ही परत आल्यावर मान वळवून बघतेय. ती आता मी कशी आठवायची?"

 मी फरशीकडे बघत होतो. दुरुस्तीचा नियम सांगणारा माणूस मीच होतो, हे त्या घरात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

निघताना प्राध्यापक दारापर्यंत आले. रीत म्हणून आले असतील. यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतंत तर मी तिला कुरकुरी समजूनच मेलो असतो." हे आभार होते की बोल लावणं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. यांनाही आलं नसावं.  परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "पेपरवाले, दुरुस्ती वाचून वाचणाऱ्याला बरं वाटतं का हो?"

मी अकरा वर्षं त्या डेस्कवर होतो. तिथे कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

त्यानंतरचा त्यांचा अस्वस्थपणा वेगळा होता. आधी ते माणसांमागे धावत, आता स्वतःच्या कागदामागे. टाइप केलेलं पान ते पुन्हा पुन्हा काढून बघत. गिऱ्हाइकाला सांगताना मध्येच थांबून विचारत, "हे तुम्हाला चालेल ना? का मलाच वाटतंय?" फॅक्समधली सावलीची ओळ गेली आणि तिथे 'तळ्याची बाजू' आली. पण नुसतं तेवढ्यावर ते थांबत नसत. खोलीतून काय दिसतं, ऊन किती वाजता येतं, किती वाजता जातं, हॉटेलने लिहून कळवावं, असं ते मागत. मालकीण वैतागून उत्तरं देई. एकदा तिने लिहिलं, खिडकीतून तळं दिसतं, तळ्यात पाणी आहे.

दोन हजार एकच्या मार्चमध्ये ते कायमचे गावी गेले. निरोप वगैरे झाला नाही. तोवर लोक इंटरनेटवर स्वतःच हॉटेलं शोधू लागले होते आणि मॅनेजर युरोपचं टेबल बंद करायच्या विचारात होता. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा तिथे एक मुलगी बसून हज आणि उमराची बुकिंगं घेत होती. खुर्चीवरच्या पिशव्या गेल्या होत्या. पहिल्या वर्षी त्यांचं एक पत्र आलं; देवरुखची एसटी कुठे किती मिनिटं थांबते, याचा तक्ता स्टँडवर चुकीचा लावलाय, असं त्यात होतं. मग पत्रं थांबली. ते वारल्याची बातमी मला तीन वर्षांनी दुसऱ्याकडून कळली.

त्यांच्याबद्दल विचार करताना मला त्याआधीचा एक दिवस आठवतो. अल ऐनच्या त्या शुक्रवारनंतरचा उन्हाळा, नव्याण्णवचा जुलै. प्राध्यापकांनी मे महिन्यात स्वतःहून फोन केला होता. त्याच गावी, एकट्याचं, आठ दिवसांचं बुकिंग हवं होतं. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. यांनी त्या हॉटेलातली पुढच्या बाजूची सर्वांत चांगली खोली मिळवली, दुसऱ्या मजल्यावरची, गॅलरीची. ती हंगामात मिळत नाही. त्यासाठी मालकिणीला त्यांनी सात फॅक्स केले. प्राध्यापक ज्या दिवशी विमानात बसले त्या दिवशी हे सकाळपासून खिडकी आणि टेबल यांच्यामध्ये फिरत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पानासाठी काहीतरी विचारायला गेलो होतो. ऑफिस बंद, आम्ही दोघंच. फॅक्सचं यंत्र खरखरलं आणि कागद बाहेर आला. त्यांनी तो उभ्याने वाचला आणि मला दिला.

मालकिणीने लिहिलं होतं, तुमचे पाहुणे पोहोचले. त्यांना गॅलरीची खोली दाखवली. त्यांनी ती पाहिली, खूप चांगली आहे म्हणाले आणि परत खाली आले. त्यांना मागची खोली हवी आहे, ते नंबरही सांगत आहेत. त्या खोलीतून काहीच दिसत नाही, हे आम्ही त्यांना दोनदा समजावलं. ते खाली बसून आहेत. काहीतरी चूक झाली आहे का? कृपया लगेच कळवा.

मी कागद परत दिला. ते खिडकीकडे गेले नाहीत. यंत्रापाशीच उभे राहून त्यांनी खिशातलं पेन काढलं, मालकिणीच्याच अक्षराखाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चूक नाही. द्या.', आणि कागद यंत्रात घातला. तो हळूहळू आत ओढला गेला. पोहोचल्याची चिठ्ठी बाहेर येईपर्यंत त्यांनी यंत्रावरचा हात काढला नाही.